इंधन स्वावलंबनाचा खरा जमाखर्च

नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत आले होते. अरब राष्ट्रांनी त्या वर्षी तेलाचे अस्त्र उगारले होते. तीन डॉलरच्या आसपास असलेला खनिज तेलाच्या पिंपाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या घरात गेला. तत्कालीन केंद्र सरकारने पेट्रोलची किंमत वाढविली, तिचा निषेध म्हणून ती बैलगाडी राजधानीच्या रस्त्यावर उतरली होती. पुढे तीस वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये, याच वाजपेयींच्या पंतप्रधानपदाच्या काळात नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देण्यास आरंभ झाला. त्या वेळी पेट्रोलियम खाते मुंबईचे राम नाईक यांच्याकडे होते आणि या योजनेमागे त्यांचा आग्रह होता. बैल ज्या शेतात राबतो, त्याच शेतातून मोटारीचे इंधन यावे, ही कल्पना अशा रीतीने प्रथम देशव्यापी धोरणाच्या पातळीवर आली.

वस्तुतः कल्पना त्याहूनही जुनी होती. स्वातंत्र्य मिळून वर्ष होते न होते तोच, १९४८ साली, पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी आपल्या तत्कालीन केंद्रीय कायदेमंडळाने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ संमत केला होता. तो कायदा पाच दशके कागदावर पडून राहिला आणि २००० साली कालबाह्य ठरवून रद्दही झाला. पुढच्याच वर्षी मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आवला–बरेली येथे इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, हा योगायोग आपल्या राज्यकारभारावर पुरेसा प्रकाश टाकणारा आहे.

या प्रवासाला दोन दशकांहून अधिक काळ झाला. २००३ च्या योजनेला दुष्काळाने व उसाच्या टंचाईने लगेच खीळ घातली. २००६ साली ती वीस राज्यांसाठी पुन्हा जाहीर झाली, पण तेल कंपन्या आणि साखर कारखाने दरावरून भांडत राहिले. परिणामी २०१३-१४ च्या पुरवठा वर्षात देशभर मिळून केवळ ३८ कोटी लीटर इथेनॉल पेट्रोलमध्ये गेले. मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होते. २०१४ साली सरकारने इथेनॉलचा दर स्वतः निश्चित करण्याची पद्धत पुन्हा आणली आणि चित्र पालटले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचे लक्ष्य मुदतीपूर्वी गाठले गेले. वीस टक्क्यांचे लक्ष्य मूळ २०३० चे होते. ते २०२५ मध्येच हाती आले. सरकारी योजना मुदतीच्या पाच वर्षे आधी पुरी होण्याची उदाहरणे आपल्याकडे किती आहेत? हे यश निःसंशय मोठे आहे आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु यशाचा आनंद साजरा करताना आकडे नीट वाचण्याची सवय सुटू नये. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ पासूनच्या अकरा वर्षांत इथेनॉलमुळे सुमारे २४५ लाख टन खनिज तेलाची जागा भरून निघाली आणि १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. रक्कम डोळे दिपविणारी आहे. मात्र आपला देश एका वर्षात २३ ते २४ कोटी टन खनिज तेल आयात करतो. म्हणजे अकरा वर्षांच्या परिश्रमाने जे तेल वाचले, ते सध्याच्या आयातीच्या मापाने जेमतेम पाच-सव्वापाच आठवडे पुरेल एवढे आहे. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आजही बाहेरूनच येते आणि हे प्रमाण या अकरा वर्षांत घटण्याऐवजी वाढलेच आहे. याचे कारण इथेनॉल नव्हे. देशातील मागणी वाढली आणि आपल्या तेलविहिरींचे उत्पादन घसरत गेले. शिवाय इथेनॉल मिसळते ते पेट्रोलमध्ये. वर्षाला सुमारे चार कोटी टन पेट्रोल लागते, तर मालमोटारी, एसटी गाड्या, ट्रॅक्टर आणि पंप यांना लागणारे डिझेल नऊ कोटी टनांच्या वर जाते. त्या डिझेलला इथेनॉलचा अद्याप स्पर्शही झालेला नाही.

तेव्हा इथेनॉल ही तेलाच्या पारतंत्र्यातून मुक्ती आहे, असे सभा-संमेलनांतून सांगितले जाते, ते अतिशयोक्त आहे. तशी अतिशयोक्ती करण्याची गरजही नाही, कारण इथेनॉलचा खरा लाभ दुसरीकडे आहे आणि तो महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला चांगला ठाऊक आहे. ऊस भरपूर आला की साखरेचा भाव कोसळतो, गोदामे भरतात, बँका कारखान्यांना उचल देईनाशा होतात आणि शेतकऱ्याचे बिल थकते, हे चक्र राज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे अनेक वर्षे तेथेच राहिला. त्याच काळात उसाचा रास्त व किफायतशीर दर मात्र चढत जाऊन २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ३५५ रुपयांवर पोहोचला. ही तफावत भरून कशी काढायची? साखर महिनोन्‌महिने पडून राहते, पण इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत मिळतात. ज्या कारखान्यांनी आसवनी प्रकल्प उभारले, त्यांना ऊस बिले वेळेवर चुकती करणे सोपे गेले. अतिरिक्त साखरेला वाट मिळाली. अरबी आखातात जाणारा पैसा शिरोळ, माळशिरस, नेवासे या तालुक्यांतील बँक खात्यांत जमा होऊ लागला. स्वदेशी या शब्दाचा व्यवहारातला अर्थ याहून वेगळा काय असतो?

मात्र याच ठिकाणी हिशेबाची दुसरी बाजू उघडते. मिरज हे नाव इथेनॉलच्या पहिल्या प्रयोगाशी जोडलेले आहे, हे वर आलेच. त्याच मिरजेचे नाव पंधरा वर्षांनी आणखी एका कारणाने देशभर गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून तडफडत असताना मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लीटर पाणी होते. रेल्वे फलाटावर त्या गाडीचे स्वागत झाले. पाण्याने भरलेल्या रेल्वेगाडीचे स्वागत करावे लागणे ही गोष्ट कोणत्याही समाजाने विसरू नये अशी आहे. आता नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉलविषयक अहवालातील एक आकडा त्याच्या शेजारी ठेवावा. उसाच्या साखरेपासून एक लीटर इथेनॉल मिळविण्यासाठी सुमारे २,८६० लीटर पाणी लागते, असे तो अहवाल म्हणतो. या मापाने लातूरला पोहोचलेल्या त्या पहिल्या गाडीतील सगळ्या पाण्यातून पावणेदोनशे लीटर इथेनॉल झाले असते. चार-पाच मोटारींच्या टाक्या भरतील एवढेच.

हा आकडा सरसकट प्रत्येक थेंबाला लावणे मात्र अन्यायाचे होईल. साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या मळीपासून जे इथेनॉल होते, त्याच्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही. त्या उसाचे पाणी साखरेच्या खाती आधीच पडलेले असते. अतिरिक्त साखर इथेनॉलकडे वळविण्यातही नवे पाणी जात नाही. धोका आहे तो इथेनॉलला हमखास गिऱ्हाईक मिळते म्हणून नवी जमीन उसाखाली जाण्यात. महाराष्ट्रात एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवून ठेवले आहे. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने कोणत्या जिल्ह्यात आहेत? पावसाने कायम डोळे वटारलेल्या सोलापुरात. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच पाण्याच्या तुटीच्या उपखोऱ्यांत उसासारख्या पिकांना आवर घालण्याची शिफारस केली होती. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तो किती शिवारांत उतरला, हे कालव्याकाठच्या कोणत्याही गावात जाऊन पाहता येते. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. ज्याच्या खरेदीची आणि दराची हमी आहे, असे उसाशिवाय दुसरे कोणते पीक त्याच्यासमोर ठेवले गेले?

इथेनॉलच्या चर्चेत ब्राझीलचे उदाहरण सदैव दिले जाते. ते द्यावेच, पण पुरते द्यावे. १९७३ च्या धक्क्याने त्या देशाला जाग आली आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांच्या सरकारने ‘प्रो-आल्कोल’ योजना सुरू केली. १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहांतील नऊ इथेनॉलच्या होत्या. एवढे सांगून आपले वक्ते थांबतात. पुढे काय झाले? तेल स्वस्त झाले, साखर महागली, कारखानदार साखरेकडे वळले आणि १९८९ मध्ये इथेनॉलचा तुटवडा पडून लोकांच्या गाड्या पंपांसमोर रांगा लावून उभ्या राहिल्या. ग्राहकाचा विश्वास उडाला आणि इथेनॉलच्या मोटारींची विक्री जवळपास संपली. तो विश्वास परत मिळवायला २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पेट्रोल आणि इथेनॉल यांच्या कोणत्याही मिश्रणावर धावणारी गाडी तेथे आली. निवड ग्राहकाच्या हाती गेली. पंपावर दोन्ही दर पाहून तो हिशेब करू लागला आणि इथेनॉल पुन्हा उभे राहिले. ऑगस्ट २०२५ पासून ब्राझीलने साध्या पेट्रोलमधील मिश्रणही तीस टक्क्यांवर नेले आहे. आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. साओ पावलोच्या परिसरातील ऊस मुख्यत्वे पावसावर येतो. आपला ऊस धरणावर आणि विहिरीवर.

१९८९ चा ब्राझिली धडा आपणही एकदा गिरवून झालो आहोत. २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिला, त्या वर्षीचा ऑगस्ट महिना शंभराहून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडा ठरला. साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप हंगाम ऐन रंगात असताना, उसाचा रस व पाक यांपासून इथेनॉल करण्यास मनाई केली. काही दिवसांनी ती सैल झाली, पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये उठलीही. पण सरकारच्याच शब्दावर विसंबून ज्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या, त्या सहकारी कारखान्यांचे व्याज काही त्या काळात थांबले नव्हते. दरम्यान उसाची जागा धान्याने घेतली. २०२३-२४ मध्ये धान्यापासूनच्या इथेनॉलने उसाच्या इथेनॉलला मागे टाकले आणि २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी दिलेल्या पहिल्या मागणीत उसाचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास उरला.

उसाचे पाणी वाचले म्हणून याचे स्वागत करावे, तर धान्याचेही प्रश्न लहान नाहीत. नियमितपणे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला. कोंबडीखाद्य महागले, कुक्कुटपालक हवालदिल झाले. त्या भावाने हुरूप येऊन शेतकऱ्यांनी पुढच्या खरिपात मका वाढविला, तर २०२५ च्या हिवाळ्यात भाव हमीदराच्या खाली कोसळून कर्नाटकातील मका उत्पादक रस्त्यावर उतरले. तांदळाची गोष्ट तर अधिकच विचित्र आहे. अन्न महामंडळाचा तांदूळ जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉलसाठी किलोला साडेबावीस रुपयांनी देण्याचे ठरले. हा दर सरकारला तो तांदूळ खरेदी करून साठविण्यास येणाऱ्या खर्चाहून कितीतरी कमी होता. पंजाब-हरयाणात भूगर्भातील पाणी उपसून पिकविलेला तांदूळ, करदात्याच्या पैशाने स्वस्त करून, मोटारीच्या टाकीत घालायचा आणि त्याला स्वावलंबन म्हणायचे? कोठारे तुडुंब असताना सडून जाणाऱ्या धान्याचा असा उपयोग समजू शकतो. तो नियम होऊ नये. मेक्सिकोत जानेवारी २००७ मध्ये मक्याच्या पोळीचे भाव भडकून हजारो लोक निदर्शनांसाठी बाहेर पडले, तेव्हा अमेरिकेतील इथेनॉल कारखान्यांच्या वाढत्या मागणीकडे बोट दाखविले गेले होते.

त्या अमेरिकेचे लक्षही येथे आहे. जनुकीय बदल केलेला मका आपण स्वीकारत नाही आणि इंधनासाठी परदेशी इथेनॉल येऊ देत नाही, ही अमेरिकेची तक्रार २०२५ च्या व्यापार वाटाघाटींच्या निमित्ताने उघडपणे मांडली गेली. आयोवा आणि इलिनॉयच्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक हवे आहे. मिश्रणाचे प्रमाण देशांतर्गत कच्च्या मालाच्या क्षमतेपुढे पळविले गेले, तर त्या मागणीला नकार देणे कठीण होत जाईल. आखाताच्या तेलाऐवजी अमेरिकेच्या मक्याचे इथेनॉल, एवढीच अदलाबदल करायची असेल, तर १९७३ च्या त्या बैलगाडीला काय उत्तर द्यायचे? वीस टक्क्यांच्या पुढे सत्तावीस, तीस अशी चर्चा सुरू असताना हा विचार आधी व्हायला हवा.

आणखी एक पक्ष या व्यवहारात आहे, त्याला मात्र कोणी विचारले नाही. तो म्हणजे स्कूटर किंवा लहान मोटार घेऊन दररोज कामावर जाणारा मध्यमवर्गीय. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्याचा ऑक्टेन अंक अधिक असल्याने त्यासाठी घडविलेल्या इंजिनात ही उणीव काही अंशी भरून निघते. जुन्या इंजिनात नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालाने जुन्या धाटणीच्या चारचाकीत सहा ते सात टक्के आणि दुचाकीत तीन ते चार टक्के इंधनक्षमता घटेल, असे लिहिले होते. त्यासाठी मिश्रित इंधन ग्राहकाला स्वस्त पडेल अशी करसवलत द्यावी, असेही सुचविले होते. वीस टक्के मिश्रणासाठी योग्य गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. रस्त्यावरील बहुसंख्य वाहने त्यापूर्वीची आहेत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट त्याने लवकर खराब होऊ शकतात, हेही तंत्रज्ञ नाकारत नाहीत. तरीही देशभरातील पंपांवर जुने मिश्रण क्रमाक्रमाने नाहीसे झाले आणि दर कमी झाला नाही. इथेनॉलचीच सरासरी खरेदी किंमत जुलै २०२५ अखेर लीटरला ७१ रुपयांवर गेल्याने तो कमी करणे परवडत नाही, असे सरकार सांगते. हे खरे असेल. परंतु मग ते लोकांना आधी सांगायला हवे होते. मिश्रणाविना पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे कायद्याचा प्रश्न मिटला असेल. राष्ट्रहितासाठी लीटरमागे चार-पाच रुपयांची झळ सोसा, असे आवाहन केले असते तर या देशातील सामान्य माणसाने ते ऐकले असते. स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान लाखो कुटुंबांनी केवळ एका आवाहनावर सोडलेले आहे. फरक पडतच नाही, असे सांगणाऱ्यावर मात्र तो विश्वास ठेवणार नाही, कारण गाडी तोच चालवितो.

आता पुढे काय? पानिपतला इंडियन ऑइलने ऑगस्ट २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू केला. त्यामागचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लीटर इथेनॉल देण्याची त्याची योजना आहे. शेतात जाळून दिल्लीची हवा काळी करणारा पेंढा अशा कामी यावा, यासारखे दुसरे सोने नाही. आसामात नुमालीगड येथे सप्टेंबर २०२५ मध्ये बांबूपासून इथेनॉल करणारा प्रकल्पही सुरू झाला. हे तंत्रज्ञान महाग आहे, स्थिरावण्यास वेळ लागतो आहे. पण यात ना खाण्याचे धान्य जाते ना धरणाचे पाणी.

आणि महाराष्ट्रापुरते पाहायचे, तर उत्तर फलटणमध्ये चार-पाच दशकांपासून पडून आहे. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर सत्तरच्या दशकापासून काम केले, ‘मधुरा’ हा वाण विकसित केला, तिच्या रसापासून इथेनॉल करून त्यावर कंदील आणि शेगडीही चालवून दाखविली. कणसातून दाणा, धाटातून रस आणि चोथ्यातून जनावरांची वैरण, असे हे पीक सुमारे चार महिन्यांत हाती येते आणि उसाच्या मानाने त्याला फार थोडे पाणी लागते. ज्वारी ही मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या मातीची ओळखच आहे. अडचणी आहेत. धाट तोडल्यावर रस लवकर आंबतो, त्यामुळे गाळप जवळ आणि तत्काळ व्हावे लागते. हंगाम थोडा असतो. पण खरिपाची गोड ज्वारी ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येते, तेव्हा साखर कारखान्यांचे रूळ उसाची वाट पाहत रिकामेच असतात. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचा उल्लेख आहेच. रसाला, बी हेवी मळीला, मक्याला स्वतंत्र दर आहे. ज्वारीच्या धाटाचा तसा दर मात्र दुष्काळी तालुक्यातील शेतकऱ्याच्या कानी कधी पडला नाही. इथेनॉल पुरवठ्याचे वर्ष नोव्हेंबरपासून धरतात, खरिपाची पेरणी जूनमध्ये होते. तेव्हा हा दर ठरायचा असेल तर तो मे महिन्यापूर्वी ठरला पाहिजे आणि लातूर–धाराशिव–सोलापूर पट्ट्यातील दोन-चार कारखान्यांनी तरी ऑक्टोबरच्या गाळपाची लेखी हमी त्याआधी दिली पाहिजे.